माळ्यावर जनावर घुसलंय? कवेलूच्या घरातून उदमांजर, वटवाघळं, घुबड, साप बाहेर कसे काढायचे

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडच्या गावांत अजूनही कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं भरपूर आहेत आणि जंगल वावराला लागूनच आहे, त्यामुळे रात्री माळ्यावर धडधड आवाज येऊन राहिला, वरून माती-कचरा पडून राहिला, कसला तरी घाण वास येऊन राहिला ही तक्रार कुठंही ऐकू येते. जुन्या लोकांना याचं काही वाटत नाही. पण जे नवीन आले आहेत, म्हणजे बदलीवर आलेले शिक्षक, नर्स, ग्रामसेवक किंवा नागपूर-पुण्याहून परत येऊन आजोबांचं बंद घर उघडून राहायला लागलेले लोक, ते घाबरतात आणि मग शेजारी जे सांगेल ते करून बसतात. कोणी फटाके फोडायला सांगतं, कोणी मिरचीचा धूर करायला, कोणी थेट विष टाकायला. हे सगळं चुकीचं आहे, काही तर जिवावर बेतणारं आहे.

आमच्या घरात माळ्यावर उदमांजराचं बिऱ्हाड होतं, पिल्लांसकट. ते नीट बाहेर गेलं, कोणाला काही झालं नाही आणि परत आलं नाही. त्यात जे कळलं आणि नंतर गावातल्या बाकी घरांत मदत करताना जे बघितलं ते इथं क्रमानं लिहून राहिलो. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, जनावराला हाकलणं हे छोटं काम आहे, ते ज्या भोकातून आलं ते भोक बंद करणं हे मोठं काम आहे आणि ते बंद करायच्या आधी आत कोण राहिलंय हे बघणं सगळ्यात मोठं.

१. लगेच वर चढू नका, आधी खालून ऐका

पहिले दोन-तीन दिवस फक्त आवाजाची वेळ आणि प्रकार बघा. यातूनच अर्धं उत्तर मिळते.

दिवसा, उन्हात, पटपट पळण्याचा हलका आवाज आणि मधूनच चिकचिक चिकचिक असं ओरडणं असेल तर ती खार. दिवसाच पण कवेलूवर धपाधप उड्या, कवेलू फुटल्याचा आवाज, तर वानर, ते आत नसतात वर असतात. रात्री उशिरा कुरतडण्याचा बारीक आवाज म्हणजे उंदीर. संध्याकाळी दिवेलागणीला भिंतीच्या फटीत चिवचिव, फडफड आणि मग एकदम शांत झालं तर वटवाघळं बाहेर पडली. रात्री साडेआठ-नऊच्या पुढं मांजरासारखी पण वजनदार पावलं, आढ्यावरून चालत गेल्यासारखी, आणि पहाटे परत तसाच आवाज, तर ते बहुतेक उदमांजर, आपल्याकडं ज्याला मसण्याउद म्हणतात.

आणि एक आवाज आहे ज्याला लोक फार घाबरतात. रात्रभर कोणी जोरात श्वास ओढून राहिलं किंवा मोठा साप फुसफुस करून राहिला असं वाटतं, थांबतच नाही. ही बहुतेक वेळा गव्हाणी घुबडाची पिल्लं असतात, भूक लागली की ती असाच आवाज काढतात. घरात भूत आहे म्हणून पूजा घातलेली घरं मला माहीत आहेत.

२. राख पसरा आणि सकाळी ठसे बघा

चुलीची राख चाळणीनं बारीक चाळून माळ्यावर जिथून चढायची जागा आहे तिथं आणि वळचणीच्या भोकापाशी पातळ पसरवा. राख नसेल तर साधी पांढरी रांगोळी चालते. पीठ नको, पिठाला उंदीर येतात. सकाळी टॉर्च घेऊन बघा.

मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात. उदमांजराच्या ठशात पाच. हा एक फरक लक्षात ठेवला तरी गावच्या मांजराला उदमांजर समजून सगळं घर डोक्यावर घेणं टळते. उंदराच्या ठशासोबत शेपटीची रेघ दिसते. रेघच रेघ आहे, नागमोडी, पाय नाहीत, तर तिथंच थांबा आणि खाली साप असं लिहिलं आहे ते वाचा.

लेंडी पण बघा. वटवाघळाची आणि उंदराची लेंडी सारखीच दिसते, पण काडीनं दाबली तर वटवाघळाची भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसतात, उंदराची कडक राहते. हाताने दाबू नका, काडीनंच. घुबड असेल तर खाली केस आणि बारीक हाडं असलेले काळपट गोळे पडतात आणि भिंतीवर पांढरे ओघळ. उदमांजर एकच जागा ठरवून तिथंच घाण करतं, आणि त्यात बिया दिसतात. आमच्याकडं शिंदीच्या, बोराच्या, उन्हाळा संपता संपता जांभळाच्या बियांचा ढीगच होता, जणू कोणी आणून ओतल्या, आणि बिया धुतल्यासारख्या साफ. माणूस बघून विचारात पडतो की वर बिया आल्या कुठून. हे दिसलं की शंका ठेवायची गरज नाही.

उदमांजराबद्दल गावात भीती लय आहे, मढं उकरते, लहान लेकरू उचलून नेते वगैरे. तसं काही करत नाही. फळं, उंदीर, किडे, मोहफुलं खाणारा लाजाळू प्राणी आहे. कोंबडीची पिल्लं उघडी ठेवली तर उचलेल, ते खरं आहे, खुराडं बंद ठेवा. कोपऱ्यात अडवलं तर मात्र चावते आणि शेपटीखालच्या ग्रंथीतून असा वास सोडते की दोन दिवस घरात बसवत नाही.

३. पिल्लं आहेत का हे बघितल्याशिवाय एकही भोक बंद करू नका

सगळे घोळ इथंच होतात. माणूस काय करतो, रात्री जनावर बाहेर गेलं हे बघतो आणि लगेच विटा लावून, सिमेंट मारून भोक बंद करतो. आत पिल्लं राहतात. मग आई रात्रभर कवेलू उचकटते, भिंत खरवडते, पिल्लं ओरडतात, चार दिवसांनी मरतात आणि मग जो वास सुटतो तो महिनाभर जात नाही, वर अळ्या खाली पडतात. जनावराचा जीव गेला तो वेगळाच. लहान जिवाला असं कोंडून मारणं बरं नाही, आणि कायद्यातही बसत नाही.

बघायचं कसं? उदमांजर बाहेर पडल्यावर अर्धा तास थांबा, मग टॉर्चला लाल पन्नी बांधून शिडीवरून फक्त डोकं वर काढून बघा. लाल उजेडानं जनावरं कमी बिचकतात. जुनी कपडे, तणस (धानाचा पेंढा), चुंगड्या (पोती) यांच्या मागं, कोपऱ्यात, जिथं वारा लागत नाही तिथं पिल्लं असतात. उदमांजराला साधारण दोन ते पाच पिल्लं होतात आणि वर्षात कधीही होऊ शकतात, म्हणून आता सीझन नाही असं कोणी म्हणालं तर मानू नका. पिल्लांना हात लावू नका, फोटो काढायला फ्लॅश मारू नका, गोंडस दिसतात म्हणून खाली आणू नका.

पिल्लं दिसली तर दोन रस्ते. एक म्हणजे थांबायचं, साधारण दोन-तीन महिन्यांत ती आईसोबत बाहेर हिंडायला लागतात. दुसरा म्हणजे आईला ती जागा नकोशी करायची म्हणजे ती स्वतःच पिल्लं उचलून दुसरीकडं नेते. आम्ही दुसरा रस्ता घेतला. माळ्यावर एलईडी बल्ब रात्रंदिवस चालू ठेवला, पिल्लांच्या उलट्या बाजूला रेडिओ लावून ठेवला, फार मोठा आवाज नाही, माणसं बोलून राहिली इतकाच. काही रात्री काहीच झालं नाही. मग एका रात्री ओट्यावरून बघितलं, तिनं पिल्लाच्या मानेला तोंडात धरलं, आढ्याच्या टोकाला आली, थांबली, खाली आमच्याकडं बघितलं, आणि चिंचेच्या फांदीवर उतरली. पिल्लू पाय पोटाशी घेऊन एकदम गप लटकलेलं. थोड्या वेळानं रिकामी परत आली, दुसरं नेलं. घरातलं कोणी हललं नाही. या वेळी कोणी बॅटरी मारली, कुत्रं सोडलं, आरडाओरडा केला की ती उरलेलं पिल्लू सोडून जाऊ शकते, म्हणून घरच्यांना, आणि शेजारच्या पोट्ट्यांना, आधीच सांगून ठेवा.

४. कायदा काय म्हणतो आणि फोन कुठं करायचा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. विष घालणं, फास लावणं, पिंजऱ्यात पकडणं, आणि पक्ष्यांची-सापांची अंडी किंवा घरटी मोडणं हे सगळं शिकारीतच मोडते, नुसता प्रयत्न केला तरी. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वरच्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्यातल्या जास्त संरक्षणाच्या यादीतला, प्राणी असेल तर शिक्षा याहून जास्त आहे. त्यामुळे बाजारातून पिंजरा आणून उदमांजर धरून दुसऱ्या गावच्या जंगलात नेऊन सोडणं, जे लोक अगदी चांगल्या मनानं करतात, ते पण करू नका. तशी नवीन जागी सोडलेली जनावरं बहुतेक टिकत पण नाहीत.

ते स्वतः बाहेर गेल्यावर आपल्या घराचं भोक बंद करणं यात काही अडचण नाही. पकडायची गरज पडली, पिल्लं अनाथ झाली, जनावर जखमी असलं, तर वनविभाग. महाराष्ट्र वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट नंबर १९२६ आहे, टोल फ्री. पण खेड्यात लवकर काम होते ते बीटगार्डच्या, म्हणजे वनरक्षकाच्या, ओळखीनं. तुमच्या गावाचा वनरक्षक कोण, त्याचा मोबाईल नंबर काय, हे सरपंचाकडून किंवा पोलीस पाटलाकडून आजच घेऊन ठेवा, रात्री अकरा वाजता शोधत बसू नका. जखमी जनावर असेल तर तेच लोक ते उपचाराला पाठवतात, नागपुरात सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे.

फोनवर आज येतो उद्या येतो चाललं तर लेखी अर्ज द्या, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावानं. काय लागते ते सांगतो:

- साधा अर्ज, दोन प्रती. त्यात प्राणी कोणता वाटतो, कधीपासून आहे, पिल्लं आहेत का, घरात लहान लेकरं किंवा म्हातारी माणसं आहेत का
- घर टॅक्सची पावती किंवा भाड्याचं असेल तर घरमालकाचं नाव आणि नंबर
- आधारची झेरॉक्स
- ठशांचे, घाणीचे, भोकाचे फोटो, प्रिंट काढून किंवा व्हॉट्सअॅपवर

एक प्रत तिथं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ती पोच घेतल्याशिवाय निघू नका, अर्ज सापडत नाही हे ऐकायची वेळ मग येत नाही.

बिबट किंवा अस्वल घरात घुसलं तर यातलं काहीच करायचं नाही. माणसं बाहेर, दार बाहेरून बंद, गर्दी लांब, आणि १९२६ किंवा ११२.

५. सामान आधी जमवा

टॉर्च, लाल पन्नी, मजबूत शिडी आणि ती धरायला एक माणूस. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, एन-९५ मास्क. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, ती हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी घेऊ नका, उंदीर ती कुरतडतो आणि उदमांजर वाकवते. जीआय तार, पक्कड, टिनपत्र्याचे तुकडे, थोडं सिमेंट-रेती, जुनी मच्छरदाणी. ब्लिचिंग पावडर, फवारणीचा छोटा पंप पण तो जो शेतात औषध मारायला वापरला नाही असा.

चढायच्या आधी मेन स्विच बंद करा. उंदीर आणि खारी वायर सोलून ठेवतात आणि माळ्यावर अंधारात हात कुठं जाईल सांगता येत नाही. पाय नेहमी म्यालीवर (लाकडी तुळईवर) ठेवा, तट्ट्यावर (बांबूच्या विणलेल्या चटईवर) नाही, तट्टे वरून धडधाकट दिसतात पण आतून वाळवीनं खाल्लेले असतात.

६. उदमांजर: एक भोक सोडून सगळी बुजवा

घराला बाहेरून दिवसा चक्कर मारा. कुठं भिंतीवर चढण्याच्या जागी माती गुळगुळीत, काळपट झाली आहे, कुठं कवेलू सरकलेले आहेत, कुठं बाजूच्या तिकोनी भिंतीचा वरचा भाग उघडा आहे, आणि कोणतं झाड छताला टेकलं आहे. आपली मूठ जिथं आत जाते तिथून उदमांजर जाते असंच धरा.

ज्या भोकाचा ते रोज वापर करते ते एक सोडून बाकी सगळी जाळीनं बंद करा. उरलेल्या भोकाला एकतर्फी झाप लावायची. बांबूच्या कमच्यांची चौकट करा, त्याला जाळी बांधा, वरच्या बाजूनं तारेनं लटकवा अशी की आतून ढकललं तर बाहेर उघडते आणि बाहेरून ओढता येत नाही. खालून चार बोटं भिंतीवर आली पाहिजे म्हणजे नखं घालून उचलता येणार नाही. पिल्लं नाहीत याची खात्री असेल तरच, हे परत सांगून राहिलो.

आता आत राख पसरा. सलग तीन रात्री आतल्या राखेवर नवीन ठसा नाही तर आत कोणी नाही, मग झाप काढून पक्की जाळी लावा आणि कडा सिमेंटनं भरा. चौथ्या दिवशी लावली तरी चालेल पण घाई नको.

देशी (अर्धगोल) कवेलू असतील तर एक अडचण आहे, उदमांजर ते उचलून आत येते. इंग्रजी (चपटे) कवेलू एकमेकांत अडकतात म्हणून थोडे बरे. देशी कवेलूला आढ्याच्या दोन्ही बाजूनं आणि वळचणीला दोन-दोन हात रुंद जाळी कवेलूच्या खालून टाकून घ्यावी लागते. एवढं काम एकट्यानं होत नाही, उन्हाळ्यात कवेलू फेरायला (काढून परत नीट रचायला) माणसं लावता तेव्हाच जाळी आणून ठेवा, त्याच मजुरीत होऊन जाते. मृगाच्या आधी झालं पाहिजे, पावसात कवेलू उघडले तर वरचं सगळं भिजते.

धूर करू नका. हे मी वेगळं लिहून राहिलो कारण प्रत्येक गावात कोणीतरी हा सल्ला देतंच. वर तणस, तट्टे, बांबू, वाळलेली लाकडं, आणि खाली तुम्ही चुंगडी पेटवून मिरच्या टाकता. घर जाते. फटाक्यांचं पण तेच. वायरमध्ये करंट सोडणं तर सरळ माणूस मारण्याचं काम आहे, आपल्याच घरचा माणूस रात्री उठून त्याला हात लावतो.

विषाचं पण सांगतो. झिंक फॉस्फाईड, थिमेट असलं काही माळ्यावर ठेवलं तर जनावर खाऊन कुठंतरी सांदीत जाऊन मरते, काढता येत नाही, विषारी उंदीर खाल्लेलं घुबड आणि घरचं मांजर पण मरू शकते, आणि वरून ते औषध खाली धानात, पाण्याच्या गुंडात सांडायची भीती. चिकटपट्टीवर खारी आणि साप अडकून तडफडतात, ती पण नको.

७. वटवाघळं

फटीत राहणारी छोटी वटवाघळं किडे खातात, मच्छर, धानावरचे पतंग. त्यांचा त्रास म्हणजे लेंडी आणि वास, बाकी ती अंगावर येत नाहीत, केसात अडकत नाहीत. माणसाच्या खोलीच्या वर नसतील तर राहू द्या, मी तरी असंच म्हणेन.

काढायचीच असतील तर संध्याकाळी सूर्य मावळल्यावर घराच्या दोन बाजूला दोघं उभे राहून कुठून निघतात ते बघा. अंगठा जाईल एवढी फट त्यांना पुरते. बाकी फटी चुन्यानं-सिमेंटनं बुजवा, मुख्य फटीवर जुन्या मच्छरदाणीचा पडदा वरून आणि बाजूनं पक्का लावा, खालून मोकळा, हातभर लोंबता. बाहेर पडताना ती पडद्याच्या आतून घसरत खाली येतात आणि उडतात, परत येताना फटीच्याच जागी उतरायला बघतात आणि त्यांना वाट सापडत नाही. आठवडाभर ठेवा मग फट बुजवा. भर दिवसा फट कधीच बुजवू नका, सगळी आतच असतात. आणि फटीत उघडी, गुलाबी, केस नसलेली पिल्लं दिसली तर ती उडेपर्यंत थांबा.

खोलीत एखादं शिरलं तर पंखा बंद, लाईट बंद, खिडकी-दार उघडं, आपण बाहेर. जाते.

८. घुबड

पिल्लं उडून जाईपर्यंत, अंड्यातून निघाल्यापासून साधारण दोन महिने, हात लावू नका. जोडी एका रात्रीत जेवढे उंदीर नेते ते बघितलं तर धान असलेल्या घरानं त्याला हाकलूच नये. वास सहन होत नसेल तर खाली टिनपत्रा लावून घ्या म्हणजे घाण माळ्यावर पडत नाही. आणि घरात घुबड आहे हे बाजारात, चहाच्या टपरीवर सांगत फिरू नका, जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक असतात. कोणी विकत घ्यायला आलं तर वनरक्षकाला कळवा.

९. साप

माळ्यावर साप येतो तो उंदरासाठी. जास्त करून धामण असते, लांब, चपळ, बिनविषारी. पण नाग पण असू शकतो आणि मण्यार रात्री घरात फिरते, म्हणून ओळखायचा प्रयत्न तुम्ही करू नका. खालून नजर ठेवा कुठं आहे, लेकरं आणि गुरं लांब करा, वनविभागाकडं नाव असलेल्या सर्पमित्राला बोलवा. काठीनं डिवचू नका, माळ्यावर तो वर असतो आणि तुमचं तोंड त्याच्या समोर असतं.

खाली झोपत असाल तर खाट आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. मण्यारचा चावा झोपेत कळत पण नाही, सूज नाही, दुखत नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळते. असं काहीही झालं तर देवऋषीकडं एक मिनिट घालवू नका. १०८ ला फोन करा, ज्या ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे तिथं जा, चावलेला भाग न हलवता. बांधू नका, चिरू नका, चोखू नका.

१०. वानर आणि खार

वानरांना छतावर येण्याचं कारण झाड आणि खाणं. छतावर आलेल्या चिंचेच्या, जांभळाच्या फांद्या छाटा, सांदवाडीत (परसात) वाळवण उघडं ठेवू नका, आणि पोळी देणं बंद करा, सगळ्या मोहल्ल्यानं एकदम बंद केलं तरच उपयोग होतो.

खार कापसात, जुन्या गोधडीत घरटं करते. पिल्लं निघून गेली की घरटं काढा, भोकाला जाळी. एवढंच.

११. चावलं, ओरखडलं तर

जंगली जनावरानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा, दोन मिनिटं नाही. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि जखमेत द्यायचं सिरम लागते का हे डॉक्टरला स्वतःहून विचारा, ते मोठ्या दवाखान्यातच असेल तर तिथं जा. पुढचे डोस चुकवू नका, बरं वाटून राहिलं म्हणून लोक तिसऱ्या डोसला जात नाहीत. वटवाघळाला उघड्या हातानं धरलं असेल आणि दात लागला असेल तरी हेच.

१२. साफसफाई, आणि हे कोरडं करू नका

वाळलेली लेंडी झाडूनं झाडली की धूळ होऊन छातीत जाते आणि वटवाघळांच्या लेंडीतल्या बुरशीनं फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो, उंदराच्या मुतानं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप) होऊ शकतो. मास्क, मोजे घाला. आधी पंपानं ब्लिचिंगचं पाणी मारून सगळं ओलं करा, थोडा वेळ थांबा, मग फावड्यानं चुंगडीत भरा. संडास साफ करायचं अॅसिड ब्लिचिंगमध्ये मिसळू नका, विषारी गॅस होतो. वटवाघळांची लेंडी खताच्या खड्ड्यात टाकता येते, उदमांजराची घाण मात्र विहिरीपासून लांब खड्डा करून पुरा. ज्या तट्ट्यात मूत मुरला आहे ते तट्टे बदलाच, बुरडाकडून नवीन घ्या. जुना वास राहिला की नवीन जनावर त्याच जागी येते, आमच्या शेजारी तेच झालं, जाळी लावली पण तट्टे तेच ठेवले आणि रोज रात्री बाहेरून जाळी ओढायचं काम चालू.

१३. परत येऊ नये म्हणून

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून वाळवून माळ्यावर ठेवायची आपली पद्धत आहे. तो वास उदमांजराला लांबून येतो, आणि जंगलाला लागून असलेल्या घरात अस्वलाला पण येतो, अस्वल दार फोडून आत घुसते. मोहफुलं झाकणाच्या टिनाच्या कोठीत ठेवा, उघड्या टोपल्यात नाही. नाहीतर लवकर विकून टाका. आंबे पिकवायला माळ्यावर अढी घालता ती खाली, दार असलेल्या खोलीत घाला.

धान ढोलीत (बांबूच्या कणगीत) असेल तर ढोली शेणमातीनं लिंपून घ्या आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा म्हणजे मागं उंदीर लपत नाही. उंदीर कमी झाले की साप, उदमांजर, दोघांचं येणं कमी होते. छताला टेकलेल्या फांद्या दोन-तीन हात मागं छाटा, पण होळीच्या आसपास छाटताना फांदीवर घरटं आहे का बघून.

दिवाळीनंतर धान घरात आलं की एकदा आणि कवेलू फेरताना एकदा, अशी वर्षातून दोनदा टॉर्च घेऊन जाळीची सगळी कड बघून घ्या, कुठं तार सुटली असेल तर तेव्हाच पक्कड लावून पिळून टाका.